चाकणची खोकी आणि मेक्सिकोची खुर्ची

चाकण आणि तळेगाव या पुण्याजवळच्या दोन औद्योगिक वसाहतींचा मेक्सिकोशी असलेला संबंध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फोक्सवॅगनच्या चाकण येथील कारखान्याचे उद्घाटन ३१ मार्च २००९ रोजी झाले आणि पुढच्या दशकात तेथे तयार झालेल्या व्हेंटो मोटारी मोठ्या संख्येने मेक्सिकोला रवाना झाल्या. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील ‘बीट’ मोटारीही त्याच देशात जात असत. डिसेंबर २०२०मध्ये तेथील उत्पादन थांबले. गंमत अशी, की फोक्सवॅगनचा मेक्सिकोतील स्वतःचा कारखाना पुएब्ला शहरात आहे. जुन्या बीटलची शेवटची गाडी जुलै २००३मध्ये तेथूनच बाहेर पडली आणि तेच शहर ‘तालाव्हेरा’ या निळ्या-पांढऱ्या झिलईच्या मातीच्या भांड्यांसाठी शतकानुशतके ओळखले जाते. यंत्र आणि हस्तकला तेथे एकाच गावात नांदतात.

मोटारींची ही ये-जा व्यापाराच्या आकडेवारीत मोजली गेली. तिच्याबरोबर येणाऱ्या लाकडाकडे मात्र कोणी पाहिले नाही. परदेशातून यंत्र येते ते लाकडी खोक्यात, सुटे भाग येतात ते लाकडी पॅलेटवर. यंत्र पायावर बसले, भाग गोदामात गेले, की खोके आणि पॅलेट कारखान्याच्या दृष्टीने भंगार ठरते. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात हे लाकूड भंगारवाल्याकडे जाते. तेथे खिळे काढून फळ्या वेगळ्या केल्या जातात. चांगल्या फळ्या पुन्हा पॅकिंगसाठी, त्याखालच्या बांधकामाच्या कामासाठी आणि अगदी तुटक्या सरपणासाठी, अशी त्यांची विभागणी होते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत त्यात चौथी वाट पडली, ती फर्निचरची. महामार्गावरच्या ढाब्यापासून शहरातल्या कॉफीच्या दुकानापर्यंत पाइनच्या फिक्या पिवळ्या फळ्यांची बाके, टेबले आणि मांडण्या दिसू लागल्या.

या फर्निचरला पुष्कळदा ‘रस्टिक’ किंवा ‘मेक्सिकन’ असे बिरुद लावले जाते. मेक्सिकन म्हणजे काय, तर फळीला गडद निळा किंवा गुलाबी रंग, पाठीवर निवडुंगाचे चित्र आणि फार झाले तर रुंद काठाची टोपी घातलेला मिशीवाला माणूस. हा मेक्सिको भेटकार्डावरचा आहे. खऱ्या मेक्सिकन कारागिरीतून आसनांची रचना कशी उभी राहिली, हे पाहिले तर चाकणच्या लाकडाला तिचा उपयोग कितीतरी अधिक आहे. कारण ती परंपराही मुळात हाताशी असलेल्या स्वस्त, आखूड, मऊ साहित्यातूनच घडली.

तिचा आधुनिक इतिहास सांगताना क्लारा पोर्सेत हे नाव टाळता येत नाही. १८९५मध्ये क्यूबातील मातान्सास येथे जन्मलेल्या पोर्सेत यांनी पॅरिसमध्ये शिक्षण घेतले. अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजमध्ये त्या जोसेफ आल्बर्स यांच्याकडे शिकल्या. १९३०च्या दशकाच्या मध्यावर राजकीय कारणांनी क्यूबा सोडून त्या मेक्सिकोत आल्या. तेथे चित्रकार हाविएर गेर्रेरो यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि १९८१मध्ये निधन होईपर्यंत त्या प्रामुख्याने तेथेच राहिल्या. युरोपातील आधुनिक रचनेचा संस्कार घेऊन आलेल्या या बाईंनी मेक्सिकोतील खेडी आणि बाजार पाहिले. चटया विणणारे, खुर्च्या बांधणारे, वेताचे काम करणारे कारागीर पाहिले. पोलादी नळ्यांची युरोपीय खुर्ची आणून मेक्सिकोच्या घरात ठेवण्यात त्यांना अर्थ दिसला नाही. तेथले हवामान, तेथले लाकूड आणि तेथली बसण्याची सवय यांतूनच आधुनिक फर्निचर निघू शकते, असा त्यांचा विचार होता.

‘बुताके’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ही मेक्सिकोतील जुनी, बुटकी, मागे रेललेली आरामखुर्ची. तिच्या दोन्ही बाजू वक्र असून मध्ये कातडे किंवा विणलेली पट्टी झोळीसारखी ताणलेली असते. स्पॅनिश लोकांनी आणलेली खुर्ची आणि मूळ रहिवाशांचे बुटके आसन यांच्या मिश्रणातून ती जन्मली, असे मानले जाते. पोर्सेत यांनी तिच्यावर नक्षी चढवली नाही. त्यांनी तिची मापे बदलली. पाठीचा कोन, आसनाची खोली आणि बाजूंच्या वक्राची जाडी पुन्हा पुन्हा तपासून त्यांनी बुताकेच्या अनेक आवृत्त्या केल्या. वास्तुविशारद लुईस बारागान यांच्या घरांमध्ये त्या मांडल्या गेल्या. पाहणाऱ्याला ती खुर्ची एकाच वेळी जुनी आणि नवी वाटते, याचे कारण या मापांत आहे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४०-४१मध्ये घरगुती फर्निचरच्या रचनेची स्पर्धा घेतली होती. तिच्या लॅटिन अमेरिकी विभागात ग्रामीण धाटणीच्या साध्या, स्वस्त फर्निचरला पारितोषिक मिळाले. ते हाविएर गेर्रेरो यांच्या नावावर नोंदले गेले आणि त्या कामातील पोर्सेत यांचा वाटा पुष्कळ वर्षे दुर्लक्षित राहिला. त्याच स्पर्धेच्या मुख्य विभागात एरो सारिनेन यांच्यासह बक्षीस पटकावणारे चार्ल्स ईम्स पुढे भारतात आले. मेक्सिकोतील मृतांच्या सणावर १९५७मध्ये लघुपट करणाऱ्या चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८मध्ये भारत सरकारला आपला अहवाल दिला. त्यात त्यांनी ज्या वस्तूचे सर्वाधिक कौतुक केले, ती होती साधा लोटा. या अहवालातूनच १९६१मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तेव्हा मेक्सिकोच्या बाजारातील खुर्ची आणि आपल्या मोरीतला लोटा यांच्यामधला धागा आपण समजतो तितका लांबचा नाही.

१९५२मध्ये पोर्सेत यांनी मेक्सिको सिटीतील बेयास आर्तेस या कलाप्रासादात ‘दैनंदिन जीवनातील कला’ या आशयाचे प्रदर्शन भरवले. त्यात कुंभाराचे मडके, विणलेली टोपली आणि कारखान्यात तयार झालेली वस्तू अशा सगळ्यांना एकाच दालनात स्थान होते. निकष एकच, वस्तू चांगली घडवलेली आहे की नाही. त्याआधी, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, मारिओ पानी या वास्तुविशारदाने उभारलेल्या हजाराहून अधिक सदनिकांच्या प्रचंड गृहसंकुलासाठी त्यांनी कमी खर्चाचे, लहान खोल्यांत मावणारे फर्निचर तयार केले होते. पिंपरी-चिंचवडकरांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२मध्ये येथे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०२१मध्ये ते विलीन होईपर्यंत निगडी-आकुर्डीच्या पेठा वसल्या. घरे आली, पण त्या दहा बाय बाराच्या खोलीत मावेल असे फर्निचर कोणी आखले नाही. दुकानातला अवजड सोफा त्या खोलीची अर्धी जागा खातो आणि माणसे त्याला टेकून जमिनीवर बसतात.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. पॅलेटच्या लाकडाची पहिली अडचण म्हणजे लांबी. पॅलेटचे प्रचलित माप १२०० बाय १००० मिलिमीटर, युरोपातील पॅलेटचे १२०० बाय ८००. फळी साधारण दोन सेंटिमीटर जाडीची, दोन्ही टोकांना खिळ्यांची भोके पडलेली. टोके कापून टाकली की हाती मीटरभराचा तुकडाही उरत नाही. अशा तुकड्यांतून लांब दिवाण करायचा तर जोडावर जोड द्यावे लागतात आणि प्रत्येक जोड हा उद्याचा करकर आवाज असतो. म्हणून नेहमीचा सुतार या लाकडाला नाक मुरडतो. त्याचे चूक नाही. सागवानाच्या सवयीने पाइनकडे पाहिले, तर ते दुबळेच दिसणार.

येथे मेक्सिकोतील ‘एकिपाल’ नावाचे आसन पाहण्यासारखे आहे. हालिस्को राज्यातील साकोआल्को दे तोर्रेस हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. एकिपाल म्हणजे पिंपाच्या आकाराची गोल बैठक. तिच्या खालच्या भागात लाकडाच्या बारीक, आखूड पट्ट्या तिरप्या, एकमेकींना छेदत उभ्या केलेल्या असतात आणि त्या बांधून पक्क्या करतात. वरचे आसन आणि पाठ डुकराच्या कातड्याची किंवा विणकामाची. शब्द मूळ नावात्ल भाषेतील ‘इक्पाली’वरून आला आहे. स्पॅनिश आक्रमणानंतर काही वर्षांनी चितारलेल्या मेंदोसा पोथीत आस्तेक राजे पाठ असलेल्या विणीच्या आसनावर बसलेले दिसतात, ते हेच इक्पाली. या रचनेतील खुबी अशी, की एकही पट्टी एकटी भार पेलत नाही. बसणाऱ्याचे वजन अनेक तिरप्या पट्ट्यांत वाटले जाते. पट्टी वाकण्याऐवजी दाबली जाते. आखूड लाकूड वाकवले तर लवकर मोडते, पण उभे दाबले तर पुष्कळ सोसते. आपल्याकडच्या बुरडाच्या कामातही हेच तत्त्व आहे. बांबूची एक काडी बोटांनी मोडते, मात्र त्याच काड्यांचा विणलेला हारा मणभर ओझे वाहतो.

खोक्याच्या फळीतून तीन-चार सेंटिमीटर रुंदीच्या, हात-दीड हात लांबीच्या पट्ट्या निघतात. एकिपालच्या जाळीला नेमके हेच माप लागते. मोठी फळी करण्यासाठी तुकडे चिकटवत बसण्यापेक्षा तुकडे आहेत तसे स्वीकारणारी रचना शोधणे शहाणपणाचे. तिरप्या जाळीच्या पायावर गोल टेबल उभे राहते, मोडा उभा राहतो, कुंडीचे घडवंचीसारखे तिपाईही होते. पट्ट्या बांधण्यासाठी मेक्सिकोत वादी वापरतात. येथे सुतळीपेक्षा नायलॉनची दोरी अधिक टिकेल. खिळा मात्र टाळावा. मऊ लाकडात, विशेषतः टोकाच्या बाजूने ठोकलेला खिळा फार काळ पकड धरत नाही आणि बसणाऱ्याच्या हालचालीने हळूहळू वर येतो. चौकटीचे काम असेल तर एका तुकड्याला कुसू आणि दुसऱ्याला त्याच मापाची खाच हाच जुना सांधा सरस. पाइनसाठी कुसू थोडे जाड ठेवावे लागते, इतकाच फरक.

दुसरे उदाहरण अधिक ओळखीचे आहे. १९५०च्या दशकात मेक्सिकोत लोकप्रिय झालेली ‘आकापुल्को’ खुर्ची जगभर पोहोचली, पण तिचा कर्ता कोण हे कोणालाच ठाऊक नाही. लोखंडी सळईची अंड्याच्या आकाराची चौकट आणि तिच्यावर केंद्राकडून कडेपर्यंत ताणलेल्या प्लॅस्टिकच्या दोऱ्या, एवढीच ती खुर्ची. झोपाळ्याच्या जाळीची कल्पना तिच्या मुळाशी आहे. उष्ण, दमट हवेत पाठीला वारा लागतो, अंगाला गादी चिकटत नाही. आपल्याकडच्या बाजेची गोष्ट याहून निराळी नाही. सुंभाची बाज, नवारीचा पलंग आणि पुढे आलेली प्लॅस्टिक पट्टीची खाट, तिन्हींत चौकट कडक आणि बैठक सैल. भोसरी-चाकण पट्ट्यात नळी वाकवणारे, वेल्डिंग करणारे आणि पावडर कोटिंग करणारे लघुउद्योजक गल्लोगल्ली आहेत. मोटारीच्या आसनाची चौकट वाकवणाऱ्या यंत्रावर खुर्चीची चौकट वाकवणे अवघड नाही. मोठ्या कंपनीची मागणी घटली, की या छोट्या कारखान्यांची यंत्रे रिकामी राहतात. त्या रिकाम्या पाळीत काय घडवता येईल, हा त्यांच्या दृष्टीने रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे.

लाकूड घेताना एक खबरदारी सर्वांत आधी घ्यावी लागते, आणि नेमकी तीच सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. परदेशी प्रवास करणाऱ्या लाकडी खोक्यांतून किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत, म्हणून २००२मध्ये ‘आयएसपीएम १५’ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यानुसार प्रक्रिया केलेल्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाची दोन अक्षरे, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण असा शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया. लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखले जाते. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. हा वायू ओझोनच्या थराला हानिकारक असल्याने मॉन्ट्रियल कराराने त्याचा वापर आटोक्यात आणला, तरी किडींच्या बंदोबस्तासाठी त्याला मुभा राहिली. घरात वापरायच्या वस्तूंसाठी, त्यातही पाळणा, जेवणाचे टेबल किंवा स्वयंपाकघरातील मांडणीसाठी, ‘एचटी’ शिक्क्याचेच लाकूड निवडावे.

शिक्का ही अर्धीच माहिती आहे. त्या पॅलेटवरून काय वाहिले गेले, हे शिक्का सांगत नाही. कारखान्यात पॅलेटवर तेल सांडते, शीतक द्रव सांडतो, रसायनांची पिंपे ठेवली जातात. फळीवर काळपट, तेलकट डाग असेल किंवा उग्र वास येत असेल, तर ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. रंध्याने वरचा थर काढला तरी मऊ लाकडात मुरलेले तेल राहतेच. देशांतर्गत वापराच्या पॅलेटवर बहुधा शिक्काच नसतो. तेथे डोळे आणि नाक यांवरच भिस्त. आणखी एक गैरसमज आहे, तो ‘एचटी’ लाकडाला वाळवी लागत नाही हा. उष्णतेने त्या वेळी लाकडात असलेली कीड मरते. पुढे येणाऱ्या वाळवीपासून तिने संरक्षण मिळत नाही, त्यासाठी वेगळा उपाय करावाच लागतो. शिवाय उष्णतेची प्रक्रिया झालेले लाकूड पुरेसे वाळलेले असतेच असेही नाही. ते सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून रचून काही आठवडे हवेवर ठेवणे इष्ट.

पुण्याच्या परिसरातील हवा लाकडाची परीक्षा घेते. एप्रिल-मेमध्ये ती कोरडी ठणठणीत, जुलै-ऑगस्टमध्ये ओलीचिंब. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र फुगते आणि आकसते. टेबलाच्या फळ्या घट्ट चिकटवून आणि खालून पक्क्या स्क्रूने आवळून टाकल्या, तर पहिल्याच उन्हाळ्यात चीर पडते. फळ्यांमध्ये बारीक फट ठेवावी आणि खालच्या स्क्रूसाठी लांबट भोक पाडावे, म्हणजे लाकडाला हलायला जागा मिळते. पोर्सेत यांच्यासारख्या रचनाकारांनी विणलेली बैठक पसंत केली त्यामागे हेही कारण होते. दोरी आणि वीण हवामानाचे चढउतार मुकाट्याने पचवते.

उंचीचाही विचार व्हायला हवा. बाजारातील खुर्चीचे आसन जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर असते. मराठी घराची मूळ बैठक मात्र पाट, चौरंग, बैठी गादी आणि ओटा अशी खालची. बुताकेची कमी उंची आणि मागे कललेली पाठ या सवयीच्या जवळ जाणारी आहे. लहान खोलीत बुटके फर्निचर ठेवले की भिंत मोकळी दिसते आणि खोली मोठी वाटते. गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांना मात्र त्यातून उठताना त्रास होतो, हे रचनाकाराने विसरून चालणार नाही. घरात दोन्ही उंचीची आसने असणे बरे.

फर्निचरप्रमाणेच नित्याच्या वापरातील वस्तूंकडे वळले, तर मेक्सिको आणि पुणे यांच्यातील साम्य थक्क करणारे आहे. मिचोआकान राज्यात सांता क्लारा देल कोब्रे नावाचे गाव आहे. नावातच तांबे आहे. सोळाव्या शतकातील बिशप वास्को दे किरोगा यांनी तेथील तांबटकामाला उत्तेजन दिले, असे परंपरा सांगते. तेथले कारागीर विजेच्या तारांसारखे भंगार तांबे वितळवून त्याची जाड चकती ओततात. मग ती तापवून अनेक जण आळीपाळीने, ठेक्यात घण घालतात. एकाच चकतीतून, जोड न देता, अख्खे भांडे उठवले जाते. १९७०च्या दशकात अमेरिकी शिल्पकार जेम्स मेटकाफ आणि मेक्सिकन कलावंत आना पेलिसेर यांनी तेथे प्रशिक्षणाची सोय उभी केली आणि गावच्या कामाला नवे आकार मिळाले.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत याच ठेक्याचा आवाज येतो. पेशवाईच्या काळात येथले तांबट भांड्यांबरोबर युद्धसामग्रीही घडवत. पुढे घागरी, हंडे, पाणी तापवण्याचे बंब यांवर त्यांचा चरितार्थ चालला. स्टेनलेस स्टील आणि गिझर यांनी तो हिसकावला. त्यांच्या कामाचे मर्म ‘मठारकामा’त आहे. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने भांड्यावर रांगेने ठोके देत एकसारखे चमकदार खळगे उठवायचे. हे केवळ शोभेचे नाही. तांबे ठोकल्याने कठीण होते, त्यामुळे पातळ पत्र्याचे भांडे पोचत नाही. फार कठीण झाले तर तडकते, म्हणून मध्ये तापवून पुन्हा मऊ करावे लागते. कुठे थांबायचे हे कारागिराच्या कानाला कळते, कारण कठीण होत जाणाऱ्या तांब्याचा नाद बदलतो. इंटॅक या वारसा-संस्थेच्या पुणे शाखेने हाती घेतलेल्या उपक्रमातून या मठारकामाला दिव्यांचे घुमट, ताटल्या, पाण्याचे जग अशी नवी रूपे मिळाली. पाइनच्या फिक्या लाकडाशेजारी मठारलेले तांबे फार खुलते. चाकणच्या लाकडी दिव्याला तांबट आळीचा घुमट मिळाला, तर त्याला ‘मेक्सिकन’ म्हणण्याची गरजही उरणार नाही.

रंगाच्या बाबतीतही दूर जायला नको. मेक्सिकोतील ओलिनाला गावात लाकडी पेट्यांवर चियाच्या बियांचे तेल आणि खनिज भुकटी यांचे लेप देतात, एका रंगावर दुसरा रंग चढवतात आणि वरचा थर खरवडून खालच्या रंगातून नक्षी काढतात. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची लाखेची खेळणी, पाट आणि गंजिफा याच कुळातल्या. भडक तैलरंग फासण्यापेक्षा हे थरांचे तंत्र शिकले, तर स्वस्त पाइनलाही एक खानदानी तेज येते.

येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. परक्या परंपरेतून घेतले, तर ते कोठपर्यंत घेणे आणि कोठून पुढे उचलणे? २०२५च्या उन्हाळ्याने तो दोन्ही देशांपुढे एकाच वेळी टाकला. जूनमध्ये मिलान येथील फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रातून निषेध झाल्यावर कंपनीने त्यामागची भारतीय प्रेरणा मान्य केली. डिसेंबरमध्ये तिने महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आदिदासच्या एका पादत्राणावरून मेक्सिकोत वादळ उठले. ओआहाका राज्यातील यालालाग गावच्या पारंपरिक वहाणांची ती नक्कल असल्याचा आरोप झाला आणि कंपनीला गावात येऊन माफी मागावी लागली. मेक्सिकोने जानेवारी २०२२मध्येच मूळ निवासी समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणासाठी कायदा केला होता. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेला २०१९पासून भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन प्रामुख्याने नावाचे रक्षण करते. त्याच आकाराची वस्तू दुसऱ्या नावाने विकणाऱ्याला ते सहजी रोखू शकत नाही.

चाकणच्या एखाद्या कारखानदाराने एकिपाल हुबेहूब उतरवून ‘अस्सल मेक्सिकन’ म्हणून विकले, तर कोल्हापूरच्या बाजूने भांडण्याचा त्याचा नैतिक हक्क थोडा कमी होतो. तिरप्या पट्ट्यांनी भार वाटून घेण्याचे तत्त्व मात्र कोणाच्या मालकीचे नाही. ते घेऊन, येथल्या लाकडात आणि येथल्या उंचीला बसणारी वस्तू केली आणि प्रेरणा कोठली हे सांगितले, तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

या लाकडाच्या व्यवसायाची स्थिती अलीकडे डळमळीत झाली आहे. चिखली-कुदळवाडीचा परिसर भंगार, प्लॅस्टिक आणि लाकूड यांच्या गोदामांसाठी ओळखला जात असे. तेथे वारंवार आगी लागत, धूर शेजारच्या वस्त्यांत पसरे. फेब्रुवारी २०२५मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तेथील हजारो अनधिकृत बांधकामांवर कारवाई केली आणि काही दिवसांतच शेकडो एकरांचा पट्टा सपाट झाला. कारवाईची बाजू आणि गोदामचालकांची बाजू, दोन्हींत तथ्य आहे. पण कारखान्याचे टाकाऊ लाकूड वेगळे करण्याचे काम शहराला कोणीतरी करून द्यावेच लागते. अग्निशमनाची सोय असलेली, अधिकृत जागा मिळाली नाही, तर तेच काम आणखी दूरच्या शेतजमिनीवर, पुन्हा विनापरवाना सुरू होते.

पॅलेटच्या फर्निचरचा खर्च पाहिला तर त्यात लाकडाचा वाटा कमी आणि मजुरीचा जास्त असतो. एक खोके सोडवायचे, वाकडे खिळे उपटायचे, तुटक्या फळ्या निवडायच्या, रंधा मारायचा, यातच दिवस जातो. रंध्याखाली राहून गेलेला एक खिळा यंत्राचे पाते खराब करतो. म्हणूनच सरसकट स्वस्त फर्निचर म्हणून ते विकले, तर कारागिराच्या हाती काही उरत नाही. बाजारातल्या प्लायवुडशी त्याची किमतीत स्पर्धा होऊ शकत नाही. टिकायचे असेल तर ते रचनेवरच टिकेल.

आणि रचनेसाठी लागणारे ज्ञान या शेडमध्ये आधीच हजर आहे, ते विचारले मात्र जात नाही. या कामातले कितीतरी कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून आलेले आहेत. त्यांच्या गावी खाट अजूनही घरोघरी विणली जाते आणि कोणत्या विणीने बैठक ताठ राहते, कोणत्या विणीने ती झोळीसारखी पडते, हे त्यांना बालपणापासून माहीत असते. मराठवाड्यातून आलेल्या कामगारालाही बाज कशी आवळायची हे शिकवावे लागत नाही. पायाकडची दोरी सैल झाली, की ती पुन्हा खेचून घेण्यासाठी विणीत मोकळी ठेवलेली जागा ही कुठल्याही आकापुल्को खुर्चीत नसलेली सोय आहे. चाकणच्या चौकटीवर ही वीण चढवायची, तर चौकटीच्या एका बाजूला सरकणारा दांडा द्यावा लागेल आणि त्यासाठी वेल्डरला एक नळी जास्त कापावी लागेल.